खाणीतली दुसरी बंदूक

हॅरोज गॅप, पेनसिल्व्हेनिया
३ मार्च

प्रिय कोरी,

फोन सोडून पत्र का, हे तू पहिल्या ओळीलाच विचारशील. तर महत्त्वाचं काही मी आता फोनवर बोलत नाही. ऐकणारे असतात. टपालाचं तसं नाही. टपाल वाटते आपली डोरीन, आणि डोरीन फक्त पोस्टकार्डं वाचते.

सोबत पेनड्राइव्ह आहे. जपून काढ, मोज्यात गुंडाळलाय. मोजा नवा आहे, नाक धरू नकोस.

त्यावर गेल्या जुलैतल्या त्या संध्याकाळचे एक्केचाळीस सेकंद आहेत. अग्निशमन दलाच्या देणगीच्या जेवणात केकचा लिलाव असतो, त्यात कोण किती बोली बोललं यावरून दरवर्षी भांडणं होतात, म्हणून माइकवरचं सगळं मशीन टिपून ठेवतं. तुला काय सांगायचं, ते मशीन तूच बसवलंस. पोलिसांनी त्यांची प्रत नेली, एक माझ्याकडे राहिली. हिवाळाभर मी तीच ऐकतोय. कोरी, बंदुका दोन आहेत. एक त्या पोराची, गाड्या लावतात त्या बाजूने. दुसरी नदीपलीकडून, जुन्या दगडखाणीतून. प्रत्येक बारामागे दुसरा बार, जरा दबका. कान असलेल्या कोणालाही ऐकू येईल. जिल्ह्याच्या पोलिसांनाच तेवढा येत नाही.

आपली सात माणसं गेली. शेजारचा मर्ल हॉस्टेटर गेला. आणि हे म्हणतात, एकट्या त्या पोराने केलं.

‘झाकलेलं सत्य’ म्हणून इंटरनेटवर एक कार्यक्रम आहे, त्यात मी बोललो. साठ हजार माणसं ऐकतात. त्यांनी मला ‘सर’ म्हटलं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, कुणी सर म्हटलं नाही. पण त्यांना जाणकाराचा कागद हवाय. आवाज मोजणं हा तुझा धंदा. कारखान्यांना लिहून देतेस तसं मामाला एक पान लिहून दे. बारा जुलैला वर्ष होतंय, मैदानावर सभा आहे. मी बोलणार आहे. ते पान मी सगळ्यांसमोर वाचणार आहे.

नीट जेवतेस ना? तुझी आई म्हणते तू वाळलीस. ती सगळ्यांनाच तसं म्हणते, मला सोडून.

तुझा
लोवेलमामा


कोलंबस, ओहायो
११ मार्च

प्रिय लोवेलमामा,

पेनड्राइव्ह मिळाला. मोजाही मिळाला.

कामावरच्या यंत्रावर मी हे तीन वेगवेगळ्या दिवशी तपासलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

एक्केचाळीस सेकंदांत सव्वीस बार आहेत. सव्वीसच्या सव्वीस बारांमागे तू म्हणतोस तो दबका आवाज आहे. दोहोंमधलं अंतर दर वेळी २.२८ सेकंद आहे. खाणीची उभी भिंत मैदानापासून तीनशे पंच्याण्णव मीटरवर आहे. त्या संध्याकाळी पंचवीस अंश तापमान होतं. तेवढ्या उष्ण हवेत आवाजाला भिंतीपर्यंत जाऊन परत यायला २.२८ सेकंद लागतात. माणूस कितीही तरबेज असला तरी दुसऱ्याच्या बंदुकीमागे सव्वीस वेळा इतक्या अचूक अंतराने गोळी झाडू शकत नाही. दगडाची भिंत झाडू शकते. आवाज दबका आहे तोही त्यामुळेच, कारण लांबच्या वाटेवर त्याची धार जाते.

दुसरी बंदूक नाही. प्रतिध्वनी आहे. पान हवं असेल तर देईन, पण त्यात हेच असेल.

एक प्रश्न आहे. तुझा तुकडा मध्येच सुरू होतो. सुरुवातीला कापल्याची सरळ कड दिसते, आणि पहिल्या पाव सेकंदात कोणीतरी हसत आहे. आधीचा भाग पाठव.

मी जेवते. वजन दोन वर्षांत बदललेलं नाही. आईला आकडा कळवला आहे.

तुझी
कोरिन


हॅरोज गॅप
२० मार्च

कोरी,

पत्र वाचलं. दोनदा. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं की नदीपलीकडच्या खाणीत एक म्हातारा राहतो आणि आपण हाक मारली की तो ओ देतो. तू काय केलंस? ‘मामा, तो फक्त आपलेच शब्द का बोलतो?’ त्या दिवसापासून तू अशीच आहेस. तेव्हा कौतुक वाटायचं.

कार्यक्रमवाले म्हणतात, यंत्र जे शिकवलंय तेच सांगतं. तुला यंत्र कोणी दिलं? कंपनीने. कंपनीला काम कोण देतं? अर्धं सरकार. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तू खोटं बोलू शकत नाहीस, ती कला तुझ्या बापाबरोबर गेली. पण तुला फसवलं असेल.

आता तू मला गणित सांगितलंस, मी तुला एक सांगतो. त्या पोराला मी नऊ वर्षं बसमधून नेलं. मागून तिसरा बाक, खिडकीकडे. रोज उतरताना थँक्यू म्हणायचा. बसमधल्या चाळीसात तसं म्हणणारे तिघं होते, त्यातला तो एक. पुढे वाण्याच्या दुकानात पिशव्या भरायचा, अंडी नेहमी वर ठेवायचा. आणि त्याने एका संध्याकाळी, एकट्याने, डोकं फिरलं म्हणून, सात माणसं? एका पारड्यात तो अंडी वर ठेवणारा पोरगा आणि दुसऱ्यात सात शवपेट्या. हा तराजू बसतो तुझ्या गणितात? माझ्या डोक्यात नाही बसत. त्या पारड्यात अजून कोणीतरी हवं. कोणीतरी मोठं.

टेपच्या आधीच्या भागात काही नाही. केकच्या लिलावाची बडबड.

व्हर्नाच्या अंगणातला बर्फ काढायला गेलो होतो. सव्वीस वर्षं मी आणि मर्ल मिळून दोन्ही अंगणं काढायचो. तिने बाहेर येऊन माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतः काढायला लागली. बाईमाणूस, चौऱ्याहत्तर वय. मी फाटकाबाहेर उभा राहून बघत होतो, वेड्यासारखा.

मामा


हॅरोज गॅप
२ एप्रिल

प्रिय कोरिन,

मी व्हर्ना हॉस्टेटर, मर्लची बायको, तुझ्या मामाची शेजारीण. बीटच्या लोणच्यातली लाल अंडी तू माझ्याकडे उभ्या उभ्या पाच खायचीस, तीच मी. तुझा पत्ता डोरीनकडून घेतला.

तुझा मामा त्या कार्यक्रमात बोलला, तेव्हा सहज म्हणून गेला की अंत्यदर्शनाला मर्लची शवपेटी बंद होती. होतीच. बंद का होती ते तुला सांगत बसत नाही, तू शहाणी आहेस. पण ऐकणाऱ्यांनी त्यावरून ठरवलं की पेटीत कोणी नव्हतंच. तेव्हापासून फोन येतात. अनोळखी माणसं. काही गोड बोलतात. ‘मर्ल खरंच होता का, बाई?’ ‘तुम्हाला किती मिळाले?’ एका बाईने तर रडत रडत सांगितलं की मर्ल तिला ॲरिझोनात दिसला, बरा दिसत होता. तिला माझं चांगलंच करायचं होतं, गं. मी दर फोनला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारते. काल एकशे बारा झाल्या. फोन काढून टाक म्हणतात सगळे. पण हा नंबर मर्लचाही आहे. नाही काढवत.

लोवेलला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मोडेल, आणि मोडलेला लोवेल मला नकोय. मला धड लोवेल हवाय.

तू त्याला आकडे पाठवलेस असं डोरीन म्हणाली. (पत्र उघडं नव्हतं, त्याने तिला वाचून दाखवलं.) आकडे पाठवू नकोस. तो आकड्यांचा भुकेला नाही. तो दर दोन-तीन दिवसांनी माझ्या फाटकापर्यंत येतो, कडीला हात लावतो आणि परत जातो. त्याला मला काहीतरी सांगायचंय. काय ते मला ठाऊक आहे. पण मी ते त्याच्या तोंडात घालणार नाही. ते त्यानेच आणायचंय.

बारा जुलैला तो सगळ्यांसमोर उभा राहून खाणीतल्या माणसाबद्दल बोलला, तर कोरिन, मी त्याला पुन्हा दारात उभं करणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही. माझ्यात तेवढीच ताकद उरली आहे.

व्हर्नाकाकू


कोलंबस
१४ एप्रिल

प्रिय लोवेलमामा,

आधीचा भाग तू पाठवला नाहीस, म्हणून दलाच्या सचिवांकडून पूर्ण ध्वनिमुद्रण मागवलं. मशीनच्या देखभालीच्या वहीत अजून माझं नाव आहे. त्यांनी लगेच दिलं.

त्यात काय आहे ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

सात वाजून बारा मिनिटांनी एक बार. तू सफरचंदाच्या केकची बोली घेत आहेस, मध्येच थांबतोस. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज, बऱ्याच. तीन सेकंदांनी तू म्हणतोस, ‘बसा, बसा मंडळी! आपलीच तोफ आहे. आज तिलाही भूक आवरेना.’ माणसं हसतात. खुर्च्या पुन्हा पुढे सरकतात. मग अकरा सेकंद एकही बार नाही, कोणीतरी हसतच आहे. पुढे तुझे एक्केचाळीस सेकंद.

जेवणानंतर तोफेचे तीन बार दरवर्षी होतात. पहिल्या बाराला पाहुणे दचकतात, कुत्री पळतात, म्हणून तू दरवर्षी ते वाक्य म्हणतोस. बावीस वर्षं.

आता माझा भाग. मंचावरून तोफ दिसत नाही, ती बंबाच्या शेडमागे असते. आवाजाच्या टेबलापासून दिसते. आठ वर्षं मी त्या टेबलाशी बसत होते. तोफवाल्याने वात हातात घेतली की मी हात वर करायचे, तू बघायचास आणि तयार राहायचास. माझा हात वर नसेल तर तो बार तोफेचा नाही, हे तुला आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मी आले नाही. काम आहे म्हणाले. काम होतं, पण रजाही मिळाली असती. मी मागितली नाही, कारण मला कंटाळा आला होता. मशीन कसं चालवायचं याची यादी तुला पाठवली होती. चौदा मुद्दे. त्यात हाताचा मुद्दा नव्हता. सुचलाच नाही.

हे नऊ महिन्यांत मी कोणालाही सांगितलेलं नाही.

प्रतिध्वनीचं गणित तुला पाठवलं, त्या आठवड्यात मला बरं वाटत होतं. तीन दिवस दुसऱ्या कशाचा विचार करावा लागला नाही. तेव्हा तुला मी हसू शकत नाही. खाणीत कोणी मोठं बसलेलं असेल, सरकार किंवा आणखी कोणी, तर तुझं एक वाक्य त्यापुढे लहान होतं. मला ते कळतं. मलाही तसा कोणी चालला असता. पण मी मोजलं आहे. तिथे कोणी नाही.

आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही. तुझ्या कार्यक्रमानंतर व्हर्नाकाकूंना अनोळखी माणसांचे एकशे बारा फोन आले आहेत. मर्लकाका खरंच होते का, असं विचारतात. त्या प्रत्येकाला उत्तर देतात.

त्यांनी हे तुला सांगायचं टाळलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. तू मोडशील असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही.

तुझी
कोरिन


कोलंबस
१९ मे

प्रिय लोवेलमामा,

पाच आठवडे झाले. आईकडून कळलं की तू ठीक आहेस, टोमॅटोची रोपं लावलीस आणि कोणाशी बोलत नाहीस.

मी लिहिलं ते खरं होतं. ते पत्रातून लिहायला नको होतं, एवढं मला आता वाटतं. गाडीने साडेपाच तास लागतात. मी यायला हवं होतं.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. नुसतं रिकामं पाकीट पाठव. डोरीनलाही काम मिळेल.

कोरिन


हॅरोज गॅप
३ जून

प्रिय कोरी,

रिकामं पाकीट पाठवायला गेलो तर डोरीन म्हणाली, ‘वजन नाही याला, लोवेल, लाज वाट.’ म्हणून भरून पाठवतोय.

तुझं ते पत्र मी फ्रीजवर ठेवलं होतं. आत नाही, वर. रोज दिसायचं. पहिला आठवडा तुझ्यावर चिडलो. दुसरा आठवडा हाताचा मुद्दा वाचून रडलो. पोरी, तू तिथे नव्हतीस तरी सवयीने मी तुझ्या टेबलाकडे बघितलं होतं. खरंच बघितलं होतं. टेबल रिकामं दिसलं आणि मला वाटलं, कोरी नाही, म्हणजे माझाच इशारा हुकला. एवढं ते झालं. यात तुझा दोष शोधायला गेलीस तर कान उपटीन.

गेल्या आठवड्यात एका दुपारी गेलो व्हर्नाकडे. फाटकाची कडी काढली. ती ओट्यावर शेंगा सोलत होती. मान वर केली नाही.

मी म्हणालो, ‘व्हर्ना, माइकवर मी होतो.’

‘मला माहीत आहे कोण होतं ते. कर्णा माझ्या डोक्यावर होता.’

‘मी बसा म्हणालो.’

‘नीट सांग. काय म्हणालास?’

सांगितलं. तोफ, भूक, सगळं. ती म्हणाली, ‘परत सांग.’ परत सांगितलं.

मग तिने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, ‘मर्ल उठला होता, लोवेल. माझा हात धरून उठला होता. तू बोललास आणि तो बसला. म्हणाला, लोवेल म्हणतोय ना. मी वर्षभर वाट बघतेय की तू येऊन मला एवढं सांगशील. आणि तू जगाला सांगत सुटलास की खाणीत माणूस होता!’

मी म्हणालो, जातो.

‘जातोस कुठे? कॉफी ठेवलीय. माफ केलं असं मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. पण कॉफी दोघांची ठेवलीय, ती मी ओतून देणार नाही.’

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि माझ्यापुढे धरला. ‘घे. तुझ्याकडची माणसं आहेत.’

नेब्रास्काचा कोणी होता. आवाजावरून माझ्याच वयाचा, सभ्य. विचारलं, मर्ल हॉस्टेटर नावाचा माणूस खरंच होता का. मी म्हणालो, ‘होता. डाव्या पायाने जरा लंगडायचा, पत्त्यात फसवायचा. तो मेला. मी तिथे होतो, माइकवर मीच होतो. लोक उठले होते आणि मी त्यांना बसवलं.’ त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, ‘तुम्हालाही विकत घेतलं तर!’ आणि ठेवला.

व्हर्ना म्हणाली, ‘काय म्हणाला?’

‘म्हणाला मला विकत घेतलं.’

‘तुला? कितीला?’ आणि ती हसली, कोरी. वाईट हसली, पण हसली. मग तिने बाहीने डोळे पुसले.

आता मी रोज दोनला तिच्याकडे जातो आणि फोन घेतो. आज चार झाले. एकाने शेवटी सॉरी म्हटलं. चारात एक. बसमध्ये याहून कमी प्रमाण होतं.

कार्यक्रमवाल्यांना कळवलं की मी चुकलो. त्यांनी अजून सांगितलेलं नाही कोणाला. सर म्हणणं मात्र थांबवलंय. बारा जुलैला मी बोलणार आहे. खाणीबद्दल नाही.

व्हर्नाला मी अकरा सेकंदांचं सांगितलं. ती तुला एक विचारायला सांगते. मी म्हटलं नको, तर ती म्हणाली, कोरीला सांगू दे, मी ऐकून घेईन. मर्ल बसला नसता, तर अकरा सेकंदांत तो वाचला असता का? तू मोजलं असशीलच, असं ती म्हणते.

मामा


कोलंबस
९ जून

प्रिय व्हर्नाकाकू आणि लोवेलमामा,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा.

मोजलं होतं, एप्रिलमध्येच. तुमच्या टेबलापासून बंबाच्या शेडचं दार चौदा मीटर. भिंत विटांची आहे, आत कोणालाही गोळी लागली नाही. मर्लकाकांच्या चालीने, पाय आणि गर्दी धरून, साडेआठ ते दहा सेकंद.

हो, काकू. ते पोचले असते. मी याहून बरं काही लिहू शकले असते, पण तुम्ही दोघांनीही ते ओळखलं असतं.

यातला एकच भाग मला मोजता आला नाही. मर्लकाका बसले, कारण बावीस वर्षं ते वाक्य दर वेळी खरं निघालं होतं. मामाच्या तोंडून ते एकदाही खोटं ऐकलं नव्हतं म्हणून ते बसले. हे कोणत्या बाजूला धरायचं ते मला ठरवता येत नाही. ते तुम्ही दोघं ठरवा, किंवा नका ठरवू.

मी पाच आठवड्यांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात ‘घरचं काम’ लिहिलं. शुक्रवारी निघते, दुपारपर्यंत पोचेन. बारा जुलैला आवाजाच्या टेबलाशी मी बसेन. मामा, बोलताना कुठे थांबायचं झालं तर माझ्याकडे बघ.

तोवर फोनच्या पाळ्या करू. मामाने दोन ते चार घ्यावेत, चारनंतरचे मी घेईन. माझा आवाज थंड आहे असं सगळे म्हणतात. या कामाला तो चालेल. काकू, तुम्ही त्या वेळी झोपा. मर्लकाका होते का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येईल. त्यांनी मला पत्त्यात एकूण सात वेळा फसवलं होतं.

तुमची
कोरिन